काजळीपासून सौरघटापर्यंत : कार्बन विद्युतअग्रावरील संस्कारांचा इतिहास आणि दक्षिण महाराष्ट्र

गोषवारा

सौरघटात निर्माण झालेली वीज बाहेर काढण्यासाठी सोने, चांदी किंवा प्लॅटिनम या धातूंऐवजी कार्बनचा छापील थर वापरता येतो. मात्र या थराचा विद्युतरोध धातूच्या मानाने फार मोठा असतो. तो कमी करण्यासाठी थरावर लेसर किरणांची प्रक्रिया करणे हा अलीकडच्या काळातील एक मार्ग होय. प्रस्तुत लेखात या मार्गाची ऐतिहासिक पूर्वपीठिका तपासली आहे. कार्बनच्या विद्युतअग्राची प्रत्येक प्रगती त्या पदार्थावर केलेल्या नव्या संस्कारातून झाली, असे या इतिहासावरून दिसते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील सौरघट संशोधन, मुंबईतील कापरापासून मिळवलेल्या कार्बनचे संशोधन आणि बारामतीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने शोधलेला कार्बन डायऑक्साइड लेसर हे या इतिहासाचे महाराष्ट्रातील तीन धागे आहेत. सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयीन संशोधनासाठी त्यांचा अर्थ काय, याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे.

बीजशब्द : कार्बन विद्युतअग्र, छापील सौरघट, लेसर प्रक्रिया, ग्रॅफाइट, शिवाजी विद्यापीठ.

१. प्रास्ताविक

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सामान्यतः नव्या पदार्थांच्या शोधाला महत्त्व दिले जाते. सिलिकॉन, सेलेनियम, पेरोव्हस्काइट अशा नावांभोवती सौरऊर्जेचा इतिहास गुंफला जातो. घटातील वीज ज्या दोन टोकांमधून बाहेर येते, त्या विद्युतअग्रांचा म्हणजेच इलेक्ट्रोडचा उल्लेख मात्र अनेकदा तळटीपेपुरता होतो. वास्तविक घटाची किंमत, त्याचे आयुष्य आणि तो कोणाला तयार करता येईल, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी विद्युतअग्रावर अवलंबून असतात.

आज बाजारात मिळणाऱ्या सिलिकॉनच्या सौरघटावर ज्या बारीक चकाकत्या रेषा दिसतात, त्या चांदीच्या लेपाने छापलेल्या असतात. २०२३ या एका वर्षात जगातील सौरघट उद्योगाने सुमारे ६,००० टन चांदी वापरली. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेल्या गलाई व्यावसायिकांना चांदीच्या कणाकणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. त्या चांदीच्या जागी काजळी आणि ग्रॅफाइट यांचे मिश्रण चालेल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा उरत नाही.

वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले इस्लामपूर हे कृष्णा-वारणेच्या दुआबातील शहर या चर्चेचे स्थान म्हणून घेतले आहे. या शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला. येथे ऊस आहे, साखर कारखाना आहे, १९८३ पासून अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे आणि दिवसाला चौरस मीटरमागे सरासरी पाच किलोवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा देणारे ऊन आहे. सांगली, सातारा व कोल्हापूर हे तीन जिल्हे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे या परिसराच्या वैज्ञानिक इतिहासाचा विचार कोल्हापूरला वगळून करता येत नाही.

२. कोळशाची कांडी आणि तिच्यावरील पहिले संस्कार

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हंफ्री डेव्ही याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत निर्माण करून दाखवली. कार्बनच्या विद्युतअग्राचा हा आरंभ मानता येईल. पण लाकडी कोळसा ठिसूळ आणि सच्छिद्र होता. तो हवेत झपाट्याने जळून जाई. पुढील शतकभराचे काम या दोषावर उपाय शोधण्याचे होते.

१८४१ मध्ये रॉबर्ट बुन्सेन याने विद्युतघटातील महागड्या प्लॅटिनमच्या जागी दगडी कोळसा व कोक यांची पूड साच्यात भाजून तयार केलेला कार्बन वापरला. स्वस्त कार्बनने मौल्यवान धातूची जागा घेण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. १८४४ मध्ये लेऑन फुको याने प्रकाशज्योतीसाठी गॅसच्या कारखान्यातील भट्ट्यांच्या आत साचणारा कठीण कार्बन निवडला. पुढे फ्रान्समध्ये कारे याने कोकची पूड, काजळी आणि साखरेचा पाक यांचे मिश्रण दाबून, भाजून कांड्या तयार केल्या. साखरेच्या पाकाचे कार्य बंधकाचे होते. भाजल्यावर त्याचाही कार्बन होई आणि कण एकमेकांना घट्ट धरून ठेवत. उसाच्या प्रदेशातील वाचकाला हा तपशील विशेष वाटावा. १८९० च्या दशकात एडवर्ड ॲचिसन याने विजेच्या भट्टीत अतिउच्च तापमानाला कार्बनचे ग्रॅफाइटमध्ये रूपांतर करण्याची पद्धत सिद्ध केली.

या क्रमाकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. डेव्हीपासून ॲचिसनपर्यंत मूलद्रव्य तेच राहिले; बदलले ते त्यावरचे संस्कार. आयुर्वेदात द्रव्याचे गुण संस्काराने पालटतात, अशी धारणा आहे. कार्बनच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते. कार्बनच्या अणूंची मांडणी अस्ताव्यस्त असेल तर तो विजेला अडवतो. तीच मांडणी षट्कोनी जाळ्यांच्या थरांत सुबक बसली तर तो विजेला वाट देतो. निवडणे, बांधणे, भाजणे आणि अणूंची फेरमांडणी करणे हे चार संस्कार एकोणिसाव्या शतकाने दिले.

आपल्या परिसरातील मागील पिढ्यांना हा कार्बन अपरिचित नव्हता. विजेरीच्या संपलेल्या घटातून मुले जी काळी कांडी काढत, ती घटाचे धन विद्युतअग्र होती. जत्रेतील तंबूमध्ये चित्रपट दाखवणाऱ्या यंत्रांतही प्रकाशासाठी कार्बनच्या कांड्या जाळल्या जात. तथापि या कांडीकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहण्याची वेळ आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली.

३. कोल्हापूर : ग्रॅफाइटच्या कांडीसमोरचा सौरघट

प्रकाशामुळे वीज निर्माण होते, हे एडमंड बेकरेल याने १८३९ मध्ये द्रावणात बुडवलेल्या विद्युतअग्रांवर प्रथम पाहिले. १८८३ मध्ये चार्ल्स फ्रिट्स याने सेलेनियमवर सोन्याचा अतिशय पातळ थर देऊन घट तयार केला, आणि १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर व पिअर्सन यांनी सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन घट जगापुढे ठेवला. सिलिकॉनचा मार्ग अतिशुद्ध पदार्थ, निर्वात यंत्रणा आणि मोठे भांडवल यांचा होता. विकसनशील देशांतील विद्यापीठांना तो परवडणारा नव्हता.

अशा परिस्थितीत १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर जगात अनेक ठिकाणी बेकरेलच्या मूळ कल्पनेकडे, म्हणजे द्रावणातील घटाकडे, पुन्हा लक्ष गेले. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धसंवाहकांची पातळ पटले तयार करण्याच्या स्वस्त पद्धती हाती घेतल्या. काचेच्या चंचुपात्रातील द्रावणातून पटल बसवणे, विजेच्या साहाय्याने ते निक्षेपित करणे आणि तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारणे या त्या पद्धती होत. विद्युत निक्षेपणाने मिळणाऱ्या अर्धसंवाहक पटलांवर लोखंडे व पवार यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा या परंपरेचा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

या प्रयोगांतील घटाची रचना साधी असे. एका बाजूला कॅडमियम सल्फाइड किंवा कॅडमियम सेलेनाइड यांचे पटल, मध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम सल्फाइड व गंधक यांचे पिवळसर द्रावण, आणि समोर ग्रॅफाइटची कांडी. ग्रॅफाइटची निवड केवळ स्वस्ताईमुळे झाली, असे समजणे अपुरे ठरेल. सल्फाइडच्या द्रावणात चांदी व तांबे काळवंडतात आणि प्लॅटिनमचा पृष्ठभागही हळूहळू निष्क्रिय होतो. कार्बन मात्र या द्रावणात टिकून राहतो. त्याचा दोष असा की, सल्फाइडच्या विक्रियेला तो पुरेशी गती देत नाही. यासाठी ग्रॅफाइटच्या कांडीवर कोबाल्ट सल्फाइडचा संस्कार करण्याची पद्धत कोल्हापुरात, तसेच विद्यापीठाच्या तत्कालीन सोलापूर केंद्रात रूढ झाली. सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले.

या घटांची कार्यक्षमता कमी होती आणि प्रकाशात अर्धसंवाहकच झिजत असे. त्यामुळे ते बाजारात येऊ शकले नाहीत. तरीही इतिहासाच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली, कार्बनच्या पृष्ठभागावर प्रक्रिया केल्यास घट सुधारतो, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने केलेल्या मोजमापातून ठाऊक होती. दुसरी, या पद्धतींत प्रशिक्षित झालेली एक मोठी पिढी सांगली, सातारा, कोल्हापूर व सोलापूरच्या महाविद्यालयांत अध्यापक म्हणून पसरली. अनेकजण पुढील संशोधनासाठी दक्षिण कोरियासह अन्य देशांत गेले.

४. मुंबई : कापराची काजळी

कोल्हापुरात कार्बन हा घटाचा सहायक घटक होता. कार्बनलाच घटाचा मुख्य पदार्थ करता येईल काय, हा प्रश्न मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने विचारला. त्यांनी निवडलेला कच्चा माल आरतीच्या तबकातील कापूर हा होता. कापूर ही वनस्पतिजन्य, सहज मिळणारी व जळताना भरपूर काजळी देणारी वस्तू आहे. कापरापासून फुलरीन हा कार्बनचा प्रकार मिळतो, हे मुखोपाध्याय, कृष्णा व शेरॉन यांनी १९९४ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात दाखवून दिले. त्यानंतर जपानमधील नागोया येथील संशोधकांच्या सहकार्याने कापरापासून मिळवलेल्या कार्बनची पटले सिलिकॉनवर देऊन सौरघट तयार करण्याचे प्रयोग झाले. यांपैकी काही प्रयोगांत कापूरजन्य कार्बनवर लेसरचे स्पंद सोडून, उडालेल्या कणांचे पटल बनवण्याची पद्धत वापरली गेली. कार्बन, लेसर आणि सौरघट हे तीन विषय येथे एकत्र आले.

५. छपाईचा प्रवेश

दरम्यान सौरघटाच्या जगात मोठे परिवर्तन घडले. १९९१ मध्ये ब्रायन ओरेगन व मायकेल ग्रेट्झेल यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांवर रंगद्रव्य चढवून तयार केलेला सौरघट सादर केला. त्याच्या मागील विद्युतअग्रावर प्लॅटिनम होते. १९९६ मध्ये आंद्रेआस के व ग्रेट्झेल यांनी प्लॅटिनमऐवजी ग्रॅफाइटची पूड व कार्बन ब्लॅक म्हणजे अतिसूक्ष्म काजळी यांचा सच्छिद्र थर वापरला आणि सुमारे ६.७ टक्के कार्यक्षमता मिळवली. या मिश्रणात ग्रॅफाइटचे चपटे कण विजेला लांबवर नेतात, तर काजळीचे बारीक कण त्या चकत्यांमधील पोकळ्या भरून त्यांना एकमेकांशी जोडतात. आज प्रचारात असलेल्या बहुतेक छापील कार्बन थरांचा मूळ साचा हाच आहे.

२००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने रंगद्रव्याच्या जागी पेरोव्हस्काइट स्फटिक वापरून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. २०१३ मध्ये चीनमधील वुहान येथे होंगवेई हान यांच्या गटाने सर्व थर छापून तयार केलेला पेरोव्हस्काइट घट प्रसिद्ध केला. प्रथम टायटॅनियम डायऑक्साइड, त्यावर झिर्कोनियम डायऑक्साइडचा विलगक थर, त्यावर कार्बन, आणि सर्वांत शेवटी कार्बनच्या छिद्रांतून आत झिरपवलेले पेरोव्हस्काइटचे द्रावण अशी त्याची रचना होती. २०१४ मध्ये याच गटाने १२.८ टक्के प्रमाणित कार्यक्षमता व पूर्ण प्रकाशात १,००० तासांहून अधिक टिकाऊपणा नोंदवला. २०२३ मध्ये ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठाच्या गटाने कार्बन विद्युतअग्रासह संपूर्ण घट गुंडाळीवर सलग छापून १०.८ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता मिळवली.

येथे छपाई म्हणजे मुख्यतः स्क्रीन छपाई होय. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या आणि निवडणुकीचे फलक छापणाऱ्या कारागिराच्या हातातील जाळी, चौकट व रबरी पट्टी हीच या तंत्राची मूळ साधने आहेत. घट छापताना अचूकता अधिक लागते, शाईऐवजी कार्बनचा लेप वापरला जातो, परंतु क्रियेचे स्वरूप बदलत नाही. निर्वात यंत्रणेशिवाय घट बनवण्याची जी आकांक्षा कोल्हापूरच्या चंचुपात्रांत होती, तिला येथे वेगळ्या मार्गाने मूर्त रूप आले, असे म्हणावयास हरकत नाही.

६. छापील थराचे दुखणे

कार्बनचा छापील थर स्वस्त असतो, पाण्याला काही अंशी रोखतो, पेरोव्हस्काइटमधील आयोडीनमुळे चांदीप्रमाणे खराब होत नाही आणि त्याची विद्युतीय पातळी सोन्याच्या जवळपास असते. हे गुण मोठे आहेत. परंतु त्याची विद्युतरोधकता चांदीच्या हजारो पट असते. सुमारे १० ते २० मायक्रॉन जाडीच्या चांगल्या थराचा पृष्ठरोध चौरसामागे १० ओहमच्या आसपास भरतो.

हा आकडा लहान वाटला तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. एका बाजूने वीज गोळा करणारी घटाची पट्टी १ सेंटिमीटर रुंद आहे आणि तीतून चौरस सेंटिमीटरमागे २० मिलिॲम्पिअर प्रवाह येतो, असे मानू. १० ओहमच्या कार्बन थरात सरासरी ०.०७ व्होल्टच्या आसपास विभव वाया जाते. घटाचे कार्यविभव ०.९ व्होल्ट धरल्यास हे नुकसान ७ टक्क्यांहून अधिक होते. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर नुकसान चौपट होते. प्रयोगशाळेतील नखाएवढा घट उत्तम चालतो आणि वहीच्या पानाएवढा घट निराशा करतो, याचे एक प्रमुख कारण येथे आहे. पृष्ठरोध निम्म्यावर आणता आला तर हे नुकसानही निम्म्यावर येते.

रोध इतका मोठा का, याचे उत्तर थराच्या अंतरंगात सापडते. लेप छापण्यायोग्य व्हावा म्हणून त्यात बहुवारिकाचा बंधक मिसळावा लागतो. थर वाळल्यावर हा बंधक कणाकणांच्या मध्ये विजेला अडवणाऱ्या पापुद्र्यासारखा उरतो. त्याला जाळण्यासाठी साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजावे लागते. वुहानच्या रचनेत पेरोव्हस्काइट शेवटी येत असल्याने हे भाजणे शक्य असते. मात्र जेथे पेरोव्हस्काइटच्या वर कार्बन छापायचा असतो, किंवा काचेऐवजी प्लॅस्टिकची लवचिक पट्टी असते, तेथे शंभर-दीडशे अंशांपलीकडे जाता येत नाही. वरचा थर तापला पाहिजे आणि खालचा थंड राहिला पाहिजे, अशी ही अडचण आहे. कारे याच्या साखरेच्या पाकाचा प्रश्नच येथे नव्या रूपात उभा राहिला.

७. लेसरचा संस्कार

१९६० मध्ये थिओडोर मेमन याने पहिला लेसर प्रकाशित केला. १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार नारणभाई पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरचा शोध प्रसिद्ध केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९५८ मध्ये ते पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९६१ मध्ये ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. त्यांच्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन म्हणजे अवरक्त पट्ट्यातील असून, पदार्थ कापणे, जोडणे व तापवणे या कामांसाठी तो जगभर वापरला जातो. ॲक्रिलिकच्या पाट्या कापणारी या प्रकारची यंत्रे आज तालुक्याच्या ठिकाणीही पाहावयास मिळतात.

लेसरने कार्बन विद्युतअग्र सुधारण्याची कल्पना सौरघटाच्या क्षेत्रातून आलेली नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात पून व रिचर्ड मॅक्रीरी यांनी काचसदृश कार्बनच्या विद्युतअग्रावर लेसरचे अत्यल्पकालीन स्पंद सोडले. पृष्ठभागावरील मळ व निष्क्रिय थर उडून गेला आणि विद्युतरासायनिक विक्रियेचा वेग कित्येक पटींनी वाढला. हे काम रासायनिक विश्लेषणासाठी होते. त्यानंतर २०१४ मध्ये राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइड या प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार्बन डायऑक्साइड लेसर फिरवून त्याच जागी सच्छिद्र ग्राफीन तयार केले. विजेला अडवणारे प्लॅस्टिक लेसरखाली विजेचे वाहक झाले, ही गोष्ट बंधकाच्या प्रश्नाला थेट लागू पडणारी होती.

छापील कार्बनवर लेसर काय करतो, हे या दोन शोधांवरून समजते. पहिले कार्य सफाईचे : कणांवरील बंधकाचा पापुद्रा जळून जातो किंवा त्याचाच कार्बन होतो. दुसरे फेरमांडणीचे : क्षणिक अतिउष्णतेने अस्ताव्यस्त कार्बनचा काही भाग ग्रॅफाइटकडे झुकतो. रामन वर्णपटातील सुमारे १३५० व १५८० या दोन शिखरांच्या गुणोत्तरावरून हा बदल पारखता येतो. तिसरे कार्य छिद्रे उघडण्याचे असून त्यामुळे द्रावण आत झिरपणे सुलभ होते. दहा नॅनोसेकंदांच्या स्पंदाची उष्णता कार्बनमध्ये एक मायक्रॉनही खोल जात नाही. वरचा थर तापावा व खालचा थंड राहावा, ही अट अशा रीतीने पूर्ण होऊ शकते. त्याच कारणाने अल्पस्पंदी लेसर थराच्या केवळ वरच्या त्वचेवर काम करतो. संपूर्ण जाडीचा रोध घटवण्यासाठी अधिक काळ टिकणारे स्पंद किंवा सलग किरण वापरावे लागतात, आणि तेव्हा खालच्या थराला धोका वाढतो.

लेसरची निवडही विचारपूर्वक करावी लागते. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण काच स्वतःच शोषून घेते, त्यामुळे किरण कार्बनच्या पलीकडे गेला तर काच तडकण्याची भीती असते. सुमारे १ मायक्रॉन तरंगलांबीचा लेसर मात्र काचेतून आरपार जातो व कार्बनमध्ये शोषला जातो. शक्ती कमी पडली तर बंधक तसाच राहतो. ती जास्त झाली तर थराला भेगा पडतात किंवा तो उडून जातो. या दोहोंमधील मर्यादा प्रत्येक लेपासाठी वेगळी असते आणि ती प्रयोगानेच ठरवावी लागते.

८. मर्यादांचा विचार

या विषयाची केवळ अनुकूल बाजू मांडणे इतिहासलेखनाला शोभणारे नाही. धातूचे विद्युतअग्र असलेल्या पेरोव्हस्काइट घटांनी प्रयोगशाळेत २६ टक्क्यांची पातळी ओलांडली आहे; कार्बनचे घट त्यांच्या मागे आहेत. पेरोव्हस्काइटमध्ये शिसे असते, आणि मोडलेल्या घटातील शिसे जमिनीत जाऊ नये याची तजवीज करावी लागेल. सिलिकॉनच्या किमती इतक्या खाली आल्या आहेत की केवळ स्वस्ताईच्या बळावर नव्या घटाला बाजारात उभे राहणे अवघड आहे. लेसरची प्रक्रियाही एक वाढीव पायरी आहे. तिच्यामुळे होणारा फायदा तिच्या खर्चापेक्षा अधिक असल्याचे दाखवावे लागेल. तसेच प्रयोगशाळेतील सुधारणा एकाच नमुन्यावर दाखवून भागत नाही. तोच लेप, तीच जाडी व तोच लेसर वापरून अनेक नमुन्यांवर तेच उत्तर आले, तरच ते ज्ञान ठरते.

९. ओगलेवाडी, किर्लोस्करवाडी आणि पुढे

सातारा-सांगलीच्या औद्योगिक इतिहासात या प्रश्नाला उपयोगी अशी दोन उदाहरणे आहेत. कराडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचकारखाना उभारला व त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोहोचला. त्या कंदिलाच्या काचेवर धरणारी काजळी रोज संध्याकाळी पुसावी लागे. काचेवरील काजळी ही तेव्हा प्रकाशाची अडचण होती. छापील सौरघटात तीच काजळी काचेवर मुद्दाम, मोजून बसवली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिली काही वर्षे त्याला गिऱ्हाईक मिळेना. पुढे औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. वस्तू तयार करणे, ती शेतात चालवून दाखवणे आणि तिच्यावर विश्वास बसेपर्यंत टिकून राहणे या तीन पायऱ्या त्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

सौरघट संशोधनाच्या बाबतीत आपल्या परिसराने पहिली पायरी चढली, पुढील दोन बव्हंशी बाकी राहिल्या. शिवाजी विद्यापीठातील पातळ पटलांच्या संशोधनातून मोठ्या संख्येने शोधनिबंध आणि प्रशिक्षित माणसे निर्माण झाली. मात्र त्या ज्ञानातून या तीन जिल्ह्यांत सौरघटाचा ओगलेवाडीसारखा उद्योग उभा राहिला नाही. याला भांडवलाचा अभाव, चिनी उत्पादनाशी असलेली विषम स्पर्धा अशी कारणे आहेतच. शिवाय संशोधनाचे मोल प्रकाशित निबंधांच्या संख्येने करण्याची पद्धत आणि महाविद्यालय व कार्यशाळा यांच्यातील अंतर हीदेखील विचारात घ्यावी लागतील. प्रयोगशाळेतील सर्वोत्तम नमुना प्रसिद्ध झाला की विद्यार्थी पुढील विषयाकडे वळतो. पन्नासावा नमुनाही पहिल्यासारखा निघतो काय, हे तपासण्यास कोणी उरत नाही.

कार्बनवरील लेसर प्रक्रिया या दृष्टीने एक संधी आहे. तिच्यासाठी लागणारी अनेक साधने इस्लामपुरासारख्या शहराच्या आवाक्यातील आहेत : छपाईची जाळी व चौकट, खूण उमटवणारे लेसर यंत्र, रोध मोजण्याची चार टोकांची साधी मांडणी आणि तापमान सांभाळणारी भट्टी. रामन वर्णपटासारखी महाग उपकरणे मोठ्या संस्थांत जाऊन वापरता येतात. उसाच्या चिपाडापासून कार्बन मिळवता येतो. त्याची शुद्धता व राखेचे प्रमाण तपासून तो लेपात किती चालेल, हे ठरवणे हा स्वतंत्र व स्थानिक संशोधनाचा विषय होऊ शकतो. कार्बनचा हा लेप केवळ सौरघटापुरता मर्यादित नाही. रक्तातील साखर मोजण्याच्या अनेक पट्ट्यांवरही छापील कार्बन असतो. त्यामुळे पेरोव्हस्काइटचे भवितव्य काहीही असो, कार्बन छापण्याचे व त्यावर संस्कार करण्याचे कौशल्य वाया जाणार नाही.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) कार्बनच्या विद्युतअग्राचा दोनशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः संस्कारांचा इतिहास आहे. भाजणे, बांधणे, ग्रॅफाइटमध्ये रूपांतर करणे, पृष्ठभाग सक्रिय करणे, छापणे आणि लेसर फिरवणे ही एकाच परंपरेची क्रमागत रूपे होत.

(आ) या परंपरेत महाराष्ट्राचा वाटा प्रेक्षकाचा नाही. कोल्हापूरच्या घटातील संस्कारित ग्रॅफाइट, मुंबईतील कापूरजन्य कार्बन आणि पटेल यांचा लेसर यांचे या इतिहासात निश्चित स्थान आहे. मात्र हे तीन धागे वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी फारसा संबंध न येता विकसित झाले.

(इ) छापील कार्बनची मुख्य मर्यादा रोध ही असून, घटाची रुंदी वाढताच ती तीव्र होते. लेसर प्रक्रियेचे यश नखाएवढ्या नमुन्यावर न मोजता मोठ्या पट्टीवर व अनेक नमुन्यांवर मोजले पाहिजे.

(ई) संस्काराचे ज्ञान कच्च्या मालासारखे बाहेरून आयात करता येत नाही. ते करणाऱ्याच्या हातात व नोंदवहीत साठते. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी अशा नोंदवह्या जपल्या, अपयशी नमुन्यांच्या नोंदीही पुढील विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या आणि जवळच्या कार्यशाळांना या कामात सोबत घेतले, तर येथील पुढील इतिहास शोधनिबंधांच्या सूचीपुरता राहणार नाही.